खिसा एकच, हात दोघांचे

(एका तरुण हौशी नाट्यगटाचा प्रश्न असा: रस्त्यावर खेळ करणारे कलाकार आणि भुरटे चोर यांच्यावर आम्ही दोन अंकी हलकंफुलकं गुन्हेनाट्य लिहितोय. डोंबाऱ्याचं कुटुंब दोरीवरचा खेळ करतं आणि गर्दी वर बघत असताना त्यांचाच थोरला मुलगा खिसे कापतो. दुसऱ्या अंकात सगळे मिळून सावकाराची तिजोरी फोडतात. पहिल्या वाचनाला कुणी हसलं नाही, चोऱ्या खोट्या वाटल्या आणि एक ज्येष्ठ अभिनेत्री ‘हे बरं नाही’ म्हणून उठून गेल्या. आमचं काय चुकतंय?)

तुमची संहिता दोनदा वाचली. संवाद लिहिणाऱ्याला कान आहे, आजीचं बोलणं तर फारच छान उतरलंय. पण त्या बाई बरोबर होत्या, आणि ज्या कारणाने त्या उठल्या त्याच कारणाने बाकीचे हसले नाहीत. खेळ करणारा आणि खिसा कापणारा तुम्ही एकाच घरात बसवलेत. एका ताटात जेवणाऱ्यांचं भांडण कसलं होणार? आणि भांडण नसेल तर विनोद कशावर उभा करायचा?

मी बत्तीस वर्षं नाटकं बसवतोय. सुरुवातीची पाच-सहा वर्षं पथनाट्यात गेली. तेव्हा आम्ही एका मंडईबाहेर प्रयोग करायचो आणि आमच्याआधी त्याच जागी एक डोंबारी कुटुंब खेळ करून जायचं. त्यातल्या बापाने मला जे शिकवलं ते कुठल्याही नाट्यशिबिरात शिकायला मिळालं नाही. तो म्हणायचा, पैसे शेवटी मागायचे नाहीत. खेळ संपला की माणूस पाठ फिरवतो आणि पाठीला खिसा असून नसल्यासारखाच. पोरगी दोरीच्या मध्यावर पोचली, डोक्यावर तांब्यांची उतरंड चढली, आता ती एका पायावर उभी राहणार, तेवढ्यात ढोल थांबवायचा आणि चादर फिरवायची. जे मिळायचं ते त्या दोन मिनिटांत. एकदा मी त्याला सहज विचारलं, की इतकी गर्दी जमते तर पाकीटमार येत असतील. तो एकदम गंभीर झाला. “माझ्या रिंगणात कुणाचा खिसा गेला, तर उद्यापासून ही जागा माझी नाही. आणि पोलीस आधी मलाच धरणार.”

तुमच्या नाटकाचं बीज मला या वाक्यात दिसतं. खेळ करणारा आणि खिसा कापणारा एकाच खिशावर जगतात, म्हणून ते एकमेकांचे वैरी आहेत. दोघांनाही गर्दी हवी असते, तिची नजर एका जागी खिळलेली हवी असते. गर्दी जमवतो एक आणि कापून नेतो दुसरा. बघणाऱ्यांना मात्र कायम वाटत असतं की हे दोघे मिळालेले आहेत. हा संशय फार जुना आहे. हिएरोनिमस बॉश किंवा त्याच्या चित्रशाळेतल्या कुणीतरी काढलेलं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराचं एक चित्र फ्रान्समधल्या सँ-जर्मँ-आँ-ले या गावाच्या संग्रहात आहे. जादूगार टेबलावर वाट्या-गोळ्यांचा खेळ करतोय, एक प्रेक्षक खुळ्यासारखा पुढे वाकून बघतोय आणि त्याच्या मागे उभा असलेला माणूस वर आकाशाकडे बघत त्याची थैली लांबवतोय. जादूगार आणि तो मागचा माणूस साथीदार आहेत का, हे चित्रकाराने सांगितलेलं नाही. लोक अजून त्यावर वाद घालताहेत. (हे चित्र १९७८ मध्ये खरोखरच चोरीला गेलं आणि पुढच्या वर्षी परत मिळालं. असा योग नाटकात घातला तर प्रेक्षक म्हणतील, लेखक ओढूनताणून करतोय.)

लंडनचा जॉन गे तर उघडच बोलला. १७१६ साली त्याने लंडनच्या रस्त्यांवरून कसं चालावं यावर एक दीर्घ कविता लिहिली. तीत तो बजावतो, की रस्त्यावर गाणाऱ्या बाईचं गाणं ऐकत उभे राहू नका, खिसा सांभाळा, कारण तिचा गळा खिशात शिरणाऱ्या हाताला मदत करायलाच असतो. याच गेने बारा वर्षांनी, जानेवारी १७२८ मध्ये, चोर, वेश्या आणि तुरुंगाधिकारी यांच्यावरचं ‘बेगर्स ऑपेरा’ रंगमंचावर आणलं आणि त्यातली बहुतेक गाणी रस्त्यावर गायल्या जाणाऱ्या चालींवर बांधली. पहिल्याच हंगामात त्याचे बासष्ट प्रयोग झाले, तेव्हाच्या हिशोबाने हा आकडा अचाट होता. तुमच्या विषयाचा हा मूळपुरुष. त्यावरून १९२८ मध्ये बर्लिनला नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी ‘थ्रीपेनी ऑपेरा’ केला. तो उघडतो तोच जत्रेत उभं राहून एका खुन्याचं गाणं म्हणणाऱ्या रस्त्यावरच्या गायकाने. आणि तिथून ते आपल्याकडे आलं: पुलंचं ‘तीन पैशाचा तमाशा’, थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली १९७८ मध्ये केलेलं. जर्मन गाण्यांच्या जागी लावणी, नाट्यगीत आणि पाश्चात्त्य रॉक यांना एकाच मंचावर नांदवण्याची हिंमत त्या मंडळींनी दाखवली. तुमच्या संगीतकाराला याचा अभ्यास करायला लावा.

आता त्या बाईंच्या ‘हे बरं नाही’बद्दल सविस्तर बोलतो, कारण हे नीट समजल्याशिवाय पुढचं लिहूच नये असं मला वाटतं.

लंडनच्या नाटकात गायक आणि चोर एकत्र आले तर तो एका कवीचा संशय होता. आपल्याकडे तोच संशय सरकारने कायद्यात लिहिला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत पोचली. भटकं जगणाऱ्या कितीतरी जमातींतलं मूल जन्मतःच गुन्हेगार ठरलं. पोलिसांकडे नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिथे आजही त्या भागाला लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून विमुक्त जमाती हा दिवस पाळतात. बर्लिनच्या त्या नाटकाचा पहिला प्रयोगही ३१ ऑगस्टचाच, चोवीस वर्षं आधीचा. तारखांचा हा योगायोग लक्षात आला त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. तिकडे चोरांच्या नाटकावर शहर खूश होतं आणि इकडे माणसं कुंपणाच्या आत होती.

म्हणून डोंबाऱ्याचाच मुलगा खिसेकापू दाखवणं म्हणजे नकळत त्या जुन्या कायद्याची बाजू घेणं. तुमचा हेतू तसा नाही हे संहितेतल्या मायेवरून कळतं, पण प्रेक्षागृहात हेतू दिसत नाही, पात्र दिसतं. आणखी एक काम आजच करा. संहितेत ‘भामटा’ हा शब्द अकरा ठिकाणी शिवीसारखा आलाय, तो काढून टाका. आपण बोलताना लबाडाला भामटा म्हणतो, पण महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ते एका समाजाचं नाव आहे. लबाड, लुच्चा, भुरटा म्हणा. ‘उचल्या’ मात्र म्हणायला नको, कारण तोही शब्द माणसांच्या कपाळावर मारला गेलेला आहे. खिसेकापू म्हणा, पाकीटमार म्हणा, हे धंद्याचे शब्द आहेत.

मग चोर कुणाला करायचं? माझं मत ऐका: तुमचा पाकीटमार चांगल्या घरचा वाटणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, तोंडाने गोड माणूस करा. गर्दीत तो दिसला की बायका त्याला जागा देतात, पोलीस त्याला ‘साहेब, जरा मागे सरका’ म्हणतात. आणि खेळ करणाऱ्याकडे मात्र सगळे संशयाने बघतात. याला कायद्याचाही आधार आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या केलीय तिच्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं यांच्या निमित्ताने पैसे घेणंही येतं. हाच कायदा दिल्लीलाही लावला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं तिथल्यापुरती रद्द केली. म्हणजे रस्त्यात चादर पसरणारी बाई कुणाच्या खिशाला हात न लावताच गुन्हेगार ठरू शकते आणि दहा पाकिटं मारलेला माणूस तिच्याच खेळाला टाळ्या वाजवत उभा राहू शकतो. तुम्हाला उपहासाची भाषणं लिहावी लागणारच नाहीत. प्रसंग नीट मांडलात तर लोक हसतील आणि हसता हसता थबकतील.

आता दोघांतला झगडा कसा रंगवायचा ते बघू. सगळं अडतं एकाच प्रश्नावर: चादर आधी की हात आधी? हात आधी गेला तर चादर फिरताना माणूस खिशात हात घालतो, पाकीट नाही हे कळतं, आरडाओरडा होतो, रिंगण फुटतं आणि खेळाचे पैसे बुडतात. चादर आधी फिरली तर प्रत्येकजण स्वतःहून दाखवून देतो की आपले पैसे कुठे आहेत. कुणी पँटच्या मागच्या खिशातून काढतो, कुणी कोपरीच्या आतून, म्हातारा कनवटीची गुंडाळी सोडतो, बाई छातीशी खोचलेला बटवा काढते. पाकीटमाराच्या दृष्टीने ही तर मेजवानी. म्हणजे त्याला चादर आधी फिरलेली हवी, भरपूर फिरलेली हवी, आणि लोकांनी सढळ हाताने द्यावं म्हणून तो स्वतःच पहिली दहाची नोट टाकेल! खेळ करणारी बाई खूश, की काय सज्जन माणूस आहे. हा गैरसमज पहिल्या अंकात वीस मिनिटं चालवता येईल. तिला खरं कळतं तेव्हा ती त्याला धरून देऊ शकत नाही, कारण ‘तुझाच माणूस असेल’ असंच सगळे म्हणणार. त्या प्रसंगात दोघांचा जो करार होतो (माझ्या रिंगणात हात घालायचा नाही, त्याबदल्यात मी तुझं तोंड विसरेन) तो तुमच्या नाटकाचा कणा. तो नीट लिहायला आठवडा लागला तरी लावा.

चोराला धंद्याचा अभिमान द्या. तुमचा थोरला मुलगा चोरी करताना सतत रडवेला असतो, म्हणून त्याच्या चोरीत रस वाटत नाही. हे कसं करायचं ते शूद्रकाने दाखवून ठेवलंय. त्याच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकातला चोर शर्विलक चारुदत्ताच्या घराच्या भिंतीला भोक पाडायला येतो तेव्हा आधी शास्त्र आठवतो: भाजलेल्या विटा असतील तर ओढून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीची भिंत असेल तर भिजवायची, लाकडी असेल तर फोडायची. मग भोकाचा आकार कोणता? उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ... उद्या सकाळी लोक बघायला येतील, त्यांनी कारागिराची वाहवा केली पाहिजे! मोजायची दोरी विसरला म्हणून जानव्यानेच माप घेतो. दार करकरेल म्हणून बिजागरीवर पाणी शिंपडतो. आणि शेवटी दागिन्यांची पेटी त्याला चोरावीच लागत नाही. झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय ‘घे बाबा, तुला शपथ आहे’ म्हणून त्याच्या हातात ठेवतो. सकाळी घरमालक चारुदत्त ते भोक बघून म्हणतो, काय सुंदर काम आहे! त्याला पहिली चिंता पडते ती ही, की चोर बिचारा रिकाम्या हाताने गेला असेल. हा विनोद इतक्या शतकांनंतरही ताजा आहे, कारण त्यात कुणाच्याही गरिबीला हसलेलं नाही. एक माणूस आपलं काम किती मन लावून करतो आणि दुसरा किती भाबडा आहे, याचं ते हसू आहे.

तिजोरीचा अंक मात्र काढूनच टाका असं स्पष्ट सांगतो. तिजोरी फोडायला लागले की नाटक यंत्रसामग्रीचं होतं, तुमच्या पात्रांची कला बाजूला पडते. शिवाय हलकंफुलकं नाटक छोट्या वस्तूवर चांगलं चालतं. वस्तू जितकी क्षुल्लक आणि माणसाला ती जितकी मोलाची, तितकी मजा वाढते. मी असतो तर दुसऱ्या अंकात चोरी उलटी केली असती: खिशातून काढायचं नाही, खिशात परत ठेवायचं. हे काढण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, कारण वजन गेलेलं माणसाला कळत नाही पण वजन आलेलं लगेच जाणवतं. समजा चोराने करार मोडून एका माणसाचं पाकीट मारलं आणि त्यात त्याच्या मुलीच्या मंगळसूत्राची पावती निघाली. किंवा तो माणूस म्हणजे खुद्द फौजदार. आता ते पाकीट संध्याकाळच्या खेळाआधी परत त्याच्या खिशात गेलं पाहिजे, नाहीतर वस्ती उचलली जाणार. चोराला पहिल्यांदाच खेळ करणाऱ्या बाईची मदत मागावी लागते: मला तीन मिनिटांची गर्दी दे. तिथे दोघांच्या विद्या पहिल्यांदा एकत्र येतात, आणि त्या एकत्र येतात त्या परत देण्यासाठी.

खलनायक हवाच असेल तर पुन्हा लंडनकडे बघा. १७२० च्या दशकात तिथे जोनाथन वाइल्ड नावाचा माणूस होता. स्वतःला चोर पकडणाऱ्यांचा सरसेनापती म्हणवून घ्यायचा. चोरीला गेलेली वस्तू मालकाला परत मिळवून द्यायचा आणि त्याबद्दल पैसे घ्यायचा. वस्तू त्याला बरोबर सापडायची, कारण चोर त्याच्याच हाताखालचे. जे चोर ऐकत नसत त्यांना फासावर पाठवायचा. जॅक शेपर्ड नावाचा पोरगेला चोर १७२४ या एका वर्षात चार वेळा कोठडीतून पळाला आणि लंडनचा लाडका झाला. नोव्हेंबरमध्ये त्याला फाशी झाली आणि दोन आठवड्यांच्या आत त्याच्यावर मूकनाट्य मंचावर आलं. पुढच्या मे महिन्यात वाइल्डलाही त्याच टायबर्नच्या फाशीच्या खांबावर चढवलं. गेच्या नाटकातला चोरांचा शेठ याच्यावरूनच बेतलेला आहे. हा माणूस आपल्या जत्रेत कोण असेल? माझ्या डोळ्यांपुढे ‘हरवले-सापडले’चा मंडप येतो. कर्णा लावलेला, समोर टेबल, टेबलावर चपला, चष्मे, छत्र्या, एक रडणारं पोर. आणि माईकवर बसलेला माणूस: ‘खाकी रंगाचं पाकीट हरवलेल्या गृहस्थांनी ताबडतोब मंडपात यावं...’ येणाऱ्याकडून देणगीची पावती फाडतो. गावात त्याचा सत्कारही होतो. हे पात्र लिहायला घ्या, त्याचे संवाद तुमचा लेखक एका बैठकीत उतरवेल.

जागा कोणती, हा तुमचा वेगळा प्रश्न होता. ‘एक शहर, एक चौक’ असं मोघम ठेवू नका. मला जेजुरी सुचते, पौष पौर्णिमेची. तेव्हा तिथे गाढवांचा मोठा बाजार भरतो, भटके समाज दूरदूरहून येतात, देवाचे भक्त येतात, व्यापारी येतात आणि सगळ्यांवर भंडारा उधळलेला असतो. भंडाऱ्याचा विचार करा. पाकिटावर पिवळी बोटं उमटलेली सापडली तर फौजदार आनंदाने ओरडेल, पुरावा मिळाला! आणि मग आजूबाजूला बघेल तर प्रत्येकाचीच बोटं पिवळी, त्याची स्वतःचीसुद्धा. रहस्यनाट्याला इतका रंगीत आणि इतका निरुपयोगी पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. फक्त देवस्थानाची, वारीची थट्टा होऊ देऊ नका. श्रद्धा तिच्या जागी राहू दे, हसू माणसांच्या धांदलीतून येऊ दे.

काळही ठरवा. आजचा काळ घेतलात तर गारुड्याच्या टोपलीत साप नसणार. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षण मिळालं, आणि माकडं-अस्वलं नाचवायला १९९० च्या दशकातल्या अधिसूचनांनी बंदी आली. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झालं, पण पिढ्यान्‌पिढ्या तेच करणारा माणूस पर्यायाशिवाय उभा राहिला. तुमच्या संहितेत जिवंत नाग आहे, तो काढा आणि टोपली ठेवा. रिकामी टोपली, पुंगी चालू, गर्दी दोन पावलं लांब उभी. आत काहीच नाही हे त्या एकट्याला माहीत. पुढे चोरीचा माल लपवायला या टोपलीपेक्षा सुरक्षित जागा कुठली? फौजदार झाकणाला हात लावायला तयार होणार नाही. आजच्या काळात चादरीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठाही असेल, आणि ‘सुट्टे नाहीत’ ही सबब गेल्यामुळे लोक आकाशाकडे बघत सटकतील. पण यात्रेच्या गर्दीत मोबाईलचं नेटवर्क दमतं आणि रोख नोटा पुन्हा बाहेर येतात. पाकीटमारासाठी यात्रा म्हणजे जुने दिवस परत आल्यासारखं. हे त्याच्या तोंडी घाला.

आता मंचावरच्या चोऱ्या. वाचनात त्या खोट्या वाटल्या कारण तुम्ही प्रत्येक वेळी ‘अंधार. गोंधळ. पाकीट गायब.’ असं लिहिलंय. अंधारात केलेली चोरी प्रेक्षकाला फसवणूक वाटते. दिवे पूर्ण ठेवा.

दोरी मंचावर आणूच नका. सुरक्षिततेचा प्रश्न तर आहेच, तयार नसलेल्या नटीला दोरीवर चढवणं हा गुन्हा समजा, पण त्याहून चांगलं कारण आहे. दोरी प्रेक्षकांच्या डोक्यावर आहे असं धरा. मंचावरची गर्दी प्रेक्षागृहाकडे तोंड करून उभी राहील, सगळ्यांची नजर पहिल्या चार रांगांच्या वर, डावीकडून उजवीकडे सावकाश सरकणारी. ढोल आणि थाळी विंगेतून. पोरगी कुठे आहे हे पंधरा मानांच्या वळण्यावरून कळलं पाहिजे. याची रोज अर्धा तास तालीम घ्या, एकाची मान जरी आधी वळली तरी दोरी तुटते. आता सगळ्यांची तोंडं आणि खिसे प्रेक्षकांसमोर आहेत, आणि पाकीटमार त्यांच्या पाठीमागून फिरतोय. त्याचा हात दोन माणसांमधून पुढे येतो तो प्रेक्षकाला स्वच्छ दिसतो, गर्दीला दिसत नाही. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा तिसऱ्या रांगेतला एक लहान मुलगा ‘काका, खिसा!’ म्हणून ओरडला. नाटकाला मिळालेल्या सगळ्या बक्षिसांपेक्षा मला तो आवाज मोठा वाटतो.

पाकीटमारी एकटा माणूस क्वचित करतो. एक पुढे अचानक थांबतो, चप्पल तुटल्यासारखं करतो. मागचा त्याच्यावर आदळतो. त्या धक्क्यात दुसऱ्याने काढलेलं असतं आणि तिसऱ्याच्या हातात गेलेलंही असतं, म्हणून ज्याला पकडाल त्याच्याकडे काहीच सापडत नाही. हे तिघं नाचासारखे बसवा. धक्का टाळ्यांवर किंवा ढोलाच्या जोरकस ठोक्यावर येऊ दे. ढोल थांबला की माणसं स्तब्ध होतात, आणि स्तब्ध माणसाला अंगाला झालेला स्पर्श कळतो. टाळ्यांच्या वेळी सगळेच हलत असतात. मनगटावरचं घड्याळ काढायचं असेल तर आधी ते मनगट गप्पांच्या ओघात घट्ट दाबायचं. दाब सुटल्यावरही घड्याळ असल्याचा भास काही क्षण राहतो. नजर हलवायची असेल तर हात कमानीत न्यायचा. सरळ रेषेत नेलेल्या हाताच्या शेवटाला नजर उडी मारते आणि लगेच परत येते, कमानीतल्या हाताबरोबर ती चालत राहते. नटांना हे समजावून सांगा, पण सराव आपल्याच मंडळींवर करायचा. खऱ्या प्रेक्षकाला हात लावायचा नाही. आम्ही एका स्पर्धेत आधी ठरवून एका प्रेक्षकाचा चष्मा ‘मारला’, ऐनवेळी तो गृहस्थ बदलून भलताच त्या खुर्चीवर बसला होता, आणि प्रयोग दहा मिनिटं थांबवून माफी मागावी लागली. त्यांचा राग योग्य होता.

तीन चोऱ्या पुरेत. पहिली प्रेक्षकाला सगळी दाखवून करा, म्हणजे तो चोराचा साथीदार होतो. दुसरी त्याच्या डोळ्यांदेखत, पण त्याला न दिसता. कळते ती पाच मिनिटांनी, आणि तो स्वतःवर चिडून हसतो. तिसरी म्हणजे ती परत ठेवण्याची. तीत त्याला सगळं माहीत असतं, म्हणून श्वास रोखला जातो.

फौजदाराला मूर्ख करू नका. तो दमलेला, तीन दिवस न झोपलेला, कर्तव्यदक्ष माणूस असेल तर त्याच्या चुका जास्त हसवतील. त्याच्यासमोर पोलिसाचं सोंग घेतलेला बहुरूपी उभा करा. खाकी कपडे घालून दारोदार ‘चला, तुमच्यावर वॉरंट आहे’ म्हणत हसवणारे बहुरूपी तुमच्या आई-वडिलांनी पाहिलेले आहेत, त्यांना विचारा. खऱ्या फौजदाराला जत्रेत कुणी जुमानत नाही आणि बहुरूप्याला सगळे सलाम ठोकतात. एका प्रवेशात फौजदाराला गर्दी पांगवण्यासाठी बहुरूप्याचीच मदत घ्यावी लागली, तर तो प्रवेश टाळ्या घेईल.

प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, वेळेत पाठवा. आणि त्याच्याही आधी एक वाचन भटक्या-विमुक्त समाजातल्या जाणत्या मंडळींसमोर करा. दाद मागायला जाऊ नका, वही-पेन घेऊन ऐकायला जा. ढोलाचे बोल, चादर फिरवतानाच्या आरोळ्या, पोरीला दोरीवर चढवताना आई काय पुटपुटते, हे त्यांच्याकडूनच मिळेल. त्याचं मानधन द्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलंत, चोराला शिक्षा व्हावी की नको. गेच्या नाटकात चोराला फाशीला नेत असताना नाटकातला नट लेखकाला म्हणतो, ऑपेराचा शेवट गोड पाहिजे. आणि लेखक, म्हणजे नाटकातलंच एक भिकाऱ्याचं पात्र, तिथल्या तिथे माफी देऊन टाकतो. ती युक्ती तेव्हा नवी होती, आता ती उसनी वाटेल. तुमच्या नाटकात चोर सुटतो की पकडला जातो यापेक्षा मला एक दुसरी गोष्ट बघायची आहे. संध्याकाळचा शेवटचा खेळ. पाकीट परत गेलंय, फौजदाराला काही कळलेलं नाही. पोरगी दोरीच्या मध्यावर, ढोल थांबतो, चादर फिरायला लागते. पंधरा जणांचे हात आपापल्या खिशाकडे जातात, त्यांत फौजदाराचा आहे आणि चोराचाही. तिथे दिवे घालवा.